१०० कोटी ते ४ कोटी ७० लाख : अनिल देशमुख प्रकरणात पुरावा नेमका किती होता?

महाराष्ट्राचे तेव्हाचे गृहमंत्री अनिल देशमुख यांनी पोलिसांकरवी मुंबईतल्या बार-रेस्टॉरंटांकडून वगैरे वसुली करायला सांगितलं, असा आरोप २०२१ ला झाला. तेव्हापासून अनिल देशमुख म्हटलं की लोकांना एकच आकडा आठवतो, महिन्याला १०० कोटी. पण ईडीने हे प्रकरण कोर्टात नेलं तेव्हा वसुलीचा आकडा होता ४ कोटी ७० लाख, आणि तोही डिसेंबर २०२० ते फेब्रुवारी २०२१ या तीन महिन्यांचा मिळून. आता कुणी म्हणेल की मागणी १०० कोटींची होती, वसुली कमी झाली, मग गुन्हा लहान होतो का? नाही होत, लाच मागणं हाही गुन्हाच आहे. पण मग मागणी सिद्ध करायला साक्षीदार लागतो, आणि या प्रकरणाचं सगळं घोडं पेंड खातं ते नेमकं तिथेच. फिरून फिरून तुम्ही एकाच माणसापाशी येता, मुंबई पोलिसांतला तेव्हाचा अधिकारी सचिन वाझे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. देशमुख निर्दोष आहेत असं मी लिहीत नाहीये, ते ठरवणं खटल्याचं काम. पण एका राज्याच्या माजी गृहमंत्र्याला जवळपास १४ महिने जेलमध्ये ठेवलं गेलं ते ज्या पुराव्यावर, तो बराचसा एका अशा माणसाच्या तोंडी शब्दावर उभा होता ज्याच्यावर दोन्हीकडच्या राजकारण्यांनी आपापल्या सोयीने विश्वास ठेवला आणि काढून घेतला.

आता क्रम बघू. २५ फेब्रुवारी २०२१ ला मुंबईत अंबानींच्या घराजवळ, कारमायकल रोडवर स्कॉर्पिओ सापडली, आत जिलेटिनच्या कांड्या. तपास सुरुवातीला क्राइम ब्रँचच्या सीआययूकडे, म्हणजे क्राइम इंटेलिजन्स युनिटकडे, आणि सीआययूचा प्रमुख वाझे. गाडी ज्यांच्याकडे होती त्या ठाण्याच्या व्यापाऱ्याचा मृतदेह ५ मार्चला मुंब्र्याच्या खाडीत मिळाला. विधानसभेत देवेंद्र फडणवीस तेव्हा विरोधी पक्षनेते, त्यांनी कॉल रेकॉर्ड घेऊन वाझेंच्या अटकेची मागणी लावून धरली, आणि मुख्यमंत्री उद्धव ठाकरे म्हणाले की वाझे म्हणजे काय ओसामा बिन लादेन आहे का. हे वाक्य लक्षात ठेवा, कारण त्या आठवड्यात वाझे हा महाविकास आघाडीने पाठीशी घालायचा माणूस होता आणि भाजपच्या लेखी तो गुन्हेगार. १३ मार्चला एनआयएने त्याला उचललं. १७ मार्चला पोलीस आयुक्त परमबीर सिंगांची बदली होमगार्डला झाली, दुसऱ्या दिवशी देशमुख जाहीरपणे म्हणाले की ही नेहमीची बदली नाही, माफ करता येणार नाहीत अशा चुका झाल्यात. आणि २० मार्चला परमबीरांचं आठ पानी पत्र मुख्यमंत्र्यांकडे आणि लगेच सगळ्या चॅनलवर.

या पत्रात काय होतं ते नीट बघण्यासारखं आहे, कारण बहुतेकांनी फक्त हेडलाइन वाचली. परमबीर असं म्हणत नाहीत की देशमुखांनी माझ्याकडे पैसे मागितले. ते म्हणतात की देशमुखांनी वाझेला ज्ञानेश्वरी या आपल्या सरकारी बंगल्यावर बोलावून टार्गेट दिलं आणि वाझेने ते मला सांगितलं. म्हणजे पहिल्या दिवसापासूनच ही ऐकीव माहिती. हिशोब असा दिला होता की मुंबईत १,७५० बार-रेस्टॉरंट, प्रत्येकी दोन-तीन लाख काढले तर ४० ते ५० कोटी, उरलेलं इतर ठिकाणाहून. गुणाकार करून बघा, ३५ ते साडेबावन्न कोटी येतात, म्हणजे कागदावर हिशोब जुळतो, पण तो बसतो तेव्हाच जेव्हा शहरातला एकूण एक बार पैसे देतो. जोडीला पुरावा म्हणून सोशल सर्व्हिस ब्रँचच्या एका एसीपीसोबतचं व्हॉट्सअ‍ॅप चॅट. चॅटची सुरुवात १६ मार्चची, म्हणजे बदलीच्या आदल्या दिवसाची, आणि त्यात आयुक्तच प्रश्न विचारतायत की किती बार सांगितले होते, किती कलेक्शन, आणि एसीपी उत्तरं देतोय. आयुक्ताला खुर्ची हलतेय हे कळलं असताना केलेलं चॅट असं कुणी म्हटलं तर त्याला चूक म्हणता येत नाही, आणि तरीही एसीपीची उत्तरं खोटी आहेत असंही त्यावरून ठरत नाही. पण मला खटकतं ते वेगळंच. गृहमंत्री हप्ते मागतोय हे शहराच्या पोलीस आयुक्ताला कळलं तर तो एफआयआर का करत नाही? हाच प्रश्न हायकोर्टात मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्तांनी परमबीरांना तोंडावर विचारला, की तुम्ही पोलीस अधिकारी आहात, तुमच्यासाठी कायदा बाजूला ठेवायचा का.

पत्र आल्यावर जे सुरू झालं तो आपल्याकडचा नेहमीचा खेळ. शरद पवारांनी पत्रकार परिषदेत हॉस्पिटलचे कागद दाखवले, देशमुख ५ ते १५ फेब्रुवारी कोविडमुळे नागपूरला अ‍ॅडमिट, मग २७ पर्यंत घरी क्वारंटाइन, मग वाझेला भेटले कधी? भाजपवाल्यांनी तासाभरात १५ फेब्रुवारीचा देशमुखांचा पत्रकारांशी बोलतानाचा व्हिडिओ टाकला. आता गंमत अशी की पत्रात वाझेच्या भेटीची ठाम तारीखच नव्हती, फेब्रुवारीच्या मध्याच्या सुमारास आणि नंतर असा ढोबळ उल्लेख. म्हणजे पवारांनी जे खोडलं ते पत्रात ठामपणे लिहिलेलंच नव्हतं, आणि भाजपने जे सिद्ध केलं ते एवढंच की देशमुख त्या दिवशी माइकसमोर होते. ज्ञानेश्वरीवर बैठक झाली की नाही याबद्दल दोन्हींतून काडीचाही बोध होत नाही, तरी चार दिवस टीव्हीवर फक्त हेच.

५ एप्रिलला हायकोर्टाने एका वकील बाईंच्या तक्रारीवरून सीबीआयला १५ दिवसांत प्राथमिक चौकशी करायला सांगितलं, परमबीरांच्या याचिकेवरून नाही बरं का, बऱ्याच जणांना असंच वाटतं. त्याच दिवशी देशमुखांचा राजीनामा. राज्य सरकार आणि देशमुख सुप्रीम कोर्टात गेले, ८ एप्रिलला तिथे दाद मिळाली नाही, कोर्टाचं म्हणणं असं की आरोप करणारा आयुक्त आणि ज्याच्यावर आरोप तो गृहमंत्री, स्वतंत्र चौकशी हवीच. मला हे पटतं. राज्याच्या पोलिसांनी आपल्याच गृहमंत्र्याची चौकशी करणं हा विनोद झाला असता. फक्त त्या स्वतंत्र यंत्रणेवर केंद्रातल्या सरकारचा हात होता, आणि ते सरकार राज्यातल्या विरोधी पक्षाचं होतं, हा पेच कुठलंच कोर्ट सोडवू शकत नव्हतं.

सीबीआयने २१ एप्रिलला एफआयआर केली, ११ मे ला ईडीने आपला गुन्हा नोंदवला. ईडीचं गणित समजून घ्या, कारण सगळ्या राजकीय केसेसमध्ये ते असंच चालतं. मनी लाँडरिंगचा गुन्हा स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, त्याला खाली एक मूळ गुन्हा लागतो, इथे सीबीआयचा भ्रष्टाचाराचा. मूळ गुन्हा कच्चा तर वरचा मजलाही कच्चा. पण जामिनाच्या बाबतीत उलटं आहे, मनी लाँडरिंगविरोधी कायद्याच्या (पीएमएलए) कलम ४५ मुळे वरच्या मजल्यावरून सुटणंच जास्त अवघड, आरोपी दोषी नसावा असं मानायला वाजवी कारण आहे याबद्दल न्यायाधीशाची खात्री पटावी लागते, तेही खटला सुरू व्हायच्या आधी. म्हणून जेलमध्ये ठेवायचं काम ईडी करते आणि मूळ गुन्हा मागे रेंगाळत राहतो.

ईडीची गोष्ट अशी होती की वाझेने बारमालकांकडून ४ कोटी ७० लाख गोळा केले, १६ बॅगांमध्ये दोन हप्त्यांत देशमुखांच्या पीएच्या हवाली केले, एकदा सह्याद्री गेस्ट हाऊसच्या बाहेर. मग रोख रक्कम हवालाने दिल्लीला, तिथे नावापुरत्या कंपन्या, आणि त्यांच्याकडून ४ कोटी १८ लाख देणगी म्हणून नागपूरच्या श्री साई शिक्षण संस्थेत, जी देशमुख कुटुंबाची. या गोष्टीचे दोन तुकडे आहेत. बारमालकांनी वाझेला पैसे दिले, याला त्यांचे स्वतःचे जबाब आहेत. संस्थेत दिल्लीहून देणग्या आल्या, याला बँकेच्या नोंदी आहेत. दोन्ही टोकं बऱ्यापैकी पक्की. मधला सांधा, म्हणजे बारवाल्यांचेच पैसे देशमुखांच्या सांगण्यावरून देशमुखांपर्यंत पोचले, याला काय? याला वाझे.

आणि मधला हा साक्षीदार कसा बोलला बघा. एप्रिल २०२१ मध्ये त्याने एनआयए कोर्टात हाताने लिहिलेलं पत्र द्यायचा प्रयत्न केला, त्यात देशमुखांनी नोकरी टिकवायला दोन कोटी मागितले असा आरोप, सोबत शिवसेनेचे तेव्हाचे मंत्री अनिल परब यांचं नाव, आणि अजित पवारांच्या जवळचा म्हणवणाऱ्या एका माणसाचा उल्लेख. सगळ्यांनी इन्कार केला, परबांनी बाळासाहेबांची आणि मुलींची शपथ घेतली. मे मध्ये आणि नंतर ईडीसमोर जबाब. डिसेंबर २०२१ ला चांदीवाल आयोगासमोर उलटतपासणीत सांगितलं की देशमुखांना किंवा त्यांच्या माणसांना मी पैसे दिले नाहीत. फेब्रुवारी २०२२ ला म्हणाला की ते मी दबावाखाली बोललो, ते मागे घ्यायचंय, आयोगाने नाही म्हटलं. त्याच महिन्यात ईडीला माफीचा साक्षीदार करा म्हणून पत्र, आणि जून २०२२ ला सीबीआयच्या केसमध्ये तो खरंच माफीचा साक्षीदार झाला. सहआरोपीच्या एकट्याच्या जबाबावर शिक्षा देऊ नये, दुसरीकडून पुष्टी हवी, हा भारतीय न्यायालयांचा जुना शिरस्ता आहे, आणि तो अशाच माणसांसाठी आहे, ज्यांना बोलण्याच्या बदल्यात काहीतरी मिळणार असतं.

चांदीवाल आयोगाचं थोडं सविस्तर सांगायला हवं. निवृत्त न्यायमूर्ती कैलास चांदीवाल यांचा एक सदस्यीय आयोग आघाडी सरकारनेच मार्च २०२१ च्या शेवटी नेमला. परमबीर आलेच नाहीत. दंड झाला, आधी ५ हजार, मग २५ हजार, मग वॉरंट. दरम्यान ते गायब, त्यांच्यावरच खंडणीचे गुन्हे दाखल, नोव्हेंबर २०२१ ला मुंबईच्या कोर्टाने त्यांना फरार घोषित केलं आणि आठवड्याभरात ते प्रकट झाले. आणि आयोगाला प्रतिज्ञापत्र काय दिलं, तर पत्रात लिहिलंय त्यापलीकडे माझ्याकडे काहीही पुरावा नाही आणि मला साक्षही द्यायची नाही! वकिलामार्फत हेही सांगितलं की त्यांची माहिती इतर अधिकाऱ्यांकडून ऐकलेली आहे. ज्या पत्रावर राज्याचा गृहमंत्री गेला त्याच्या लेखकाने उलटतपासणीला उभं राहायला नकार दिला, एवढी एक गोष्ट तरी पक्षाचे चष्मे काढून सगळ्यांनी मान्य करायला हरकत नाही. वर २९ नोव्हेंबरला आयोगाच्या जागेत परमबीर आणि कोठडीतला वाझे हे शेजारच्या खोलीत बसून तासभर बोलले, यावरूनही ओरड झाली. तक्रारदार आणि मुख्य साक्षीदार, चहाला भेटल्यासारखे.

पण म्हणून देशमुख आणि आघाडी साळसूद होती का? अजिबात नाही. पाच समन्स चुकवून सहाव्या खेपेला, १ नोव्हेंबर २०२१ ला ते ईडीसमोर गेले आणि रात्री उशिरा अटक झाली. लपायला काही नव्हतं तर महिनोन्‌महिने का टाळलं? राज्य सरकारने हायकोर्टात जाऊन एफआयआरमधले वाझेच्या पुनर्नियुक्तीचे आणि बदल्या-पोस्टिंगचे दोन परिच्छेदच काढून टाका अशी मागणी केली, ती २२ जुलैला फेटाळली गेली. मला आघाडीची सगळ्यात कमकुवत बाजू हीच वाटते. ख्वाजा युनूसच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूच्या प्रकरणात २००४ पासून निलंबित असलेला, मधल्या काळात शिवसेनेत जाऊन आलेला माणूस २०२० ला परत खाकीत येतो, फक्त एपीआय (सहायक पोलीस निरीक्षक) दर्जाचा असूनही सीआययूचा बॉस होतो, थेट आयुक्तांना रिपोर्ट करतो, आणि हे कुणी केलं विचारलं तर सरकार म्हणतं परमबीर, परमबीर म्हणतात वरून आदेश. आघाडीच्या काळात आणलेला माणूस आघाडीवरच उलटला, मग रडायचं कशाला?

सीबीआयकडेही एक भानगड झाली. ऑगस्ट २०२१ च्या शेवटी एक कागद बाहेर फुटला, प्राथमिक चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याचं मत त्यात असं होतं की देशमुखांविरुद्ध दखलपात्र गुन्हा बनत नाही. सीबीआयने तो कागद खोटा आहे असं सरळ म्हटलं नाही, एफआयआर कायदेशीर सल्ला घेऊन झाली असं म्हटलं, आणि कागद फोडल्याबद्दल आपल्याच सब-इन्स्पेक्टरला आणि देशमुखांच्या वकिलाला अटक केली. आता खालच्या अधिकाऱ्याचं मत वरच्यांनी बदलणं यात बेकायदा काही नाही, रोज होतं. पण कागद फोडायला लाच दिली असा आरोप देशमुखांच्या बाजूवरच लागला, त्यामुळे त्यांना फायदा व्हायच्या जागी आणखी एक केस मागे लागली.

आता जामिनाचे दोन आदेश. ४ ऑक्टोबर २०२२, ईडीची केस, न्यायमूर्ती एन. जे. जमादार. गमतीची गोष्ट, जुलै २०२१ ला देशमुखांची एफआयआर रद्द करायची मागणी ज्या खंडपीठाने फेटाळली त्यात जमादार होते. म्हणजे देशमुखांचा माणूस वगैरे म्हणायची सोय नाही. तेव्हा प्रश्न होता तपास व्हावा इतकं काही आहे का, उत्तर हो. आता प्रश्न होता तपासातून निघालं काय. या आदेशातली सगळ्यात बोलकी गोष्ट म्हणजे ‘नंबर वन’. बारमालकांना वाझे सांगायचा की पैसे नंबर वनला जातात. कोण हा नंबर वन? काही जबाबांनुसार पोलीस आयुक्त. वाझे नंतर म्हणाला देशमुख. एकाच टोपणनावाचे दोन मालक, आणि त्यातला एक म्हणजे ज्याच्या पत्राने सगळं सुरू झालं तोच! वाझेची कारकीर्द वादग्रस्त आहे, तो स्वतः आरोपी आहे, त्याच्या शब्दावर विसंबणं सुरक्षित नाही असा कोर्टाचा सूर होता. ११ ऑक्टोबरला सुप्रीम कोर्टाने ईडीचं अपील फेटाळलं.

तरी सुटका नाही, कारण एप्रिल २०२२ मध्ये सीबीआयने त्यांना आधीच अटक केली होती. १२ डिसेंबरला न्यायमूर्ती मकरंद कर्णिकांनी तोही जामीन दिला आणि आणखी स्पष्ट लिहिलं, वाझेचा जबाब सोडला तर देशमुखांच्या सांगण्यावरून पैसे उकळले असं दाखवणारा दुसरा जबाब नाही. सीबीआयने स्थगिती मागितली, ती मिळाली, वाढवून मागितली, शेवटी २८ डिसेंबर २०२२ ला देशमुख आर्थर रोडमधून बाहेर आले. अर्थात हे दोन्ही आदेश जामिनापुरते, खटल्यात यातलं काहीही न्यायाधीशाला बंधनकारक नाही. राष्ट्रवादीवाले यालाच निर्दोष मुक्तता म्हणून फटाके फोडत होते, ते साफ चूक.

या १४ महिन्यांत राजकारण थांबलं नव्हतं. १० जून २०२२ च्या राज्यसभा निवडणुकीत देशमुख आणि तेव्हा जेलमध्येच असलेले राष्ट्रवादीचे नवाब मलिक दोघांनाही मतदानाला सोडलं नाही, कायद्याने कैद्याला मत नाही, त्यात कोर्टाची चूक नाही. पण सहाव्या जागेवर भाजपचे धनंजय महाडिक आले, शिवसेनेचे संजय पवार पडले, आणि त्यानंतर दहा-बारा दिवसांत सरकारच डळमळलं. दोन मतांनीच निकाल फिरला असता असं मी म्हणत नाही, भाजपचं गणित त्याहून मोठं होतं, पण कच्च्या पुराव्यावरची अटक राजकारणात किती कामाची असते ते यातून दिसतं.

आणि वाझेची किंमत कशी बदलत गेली तेही बघा. ज्या एप्रिल २०२१ च्या पत्रावरून भाजपने रान उठवलं त्यात अजित पवारांच्या नावाचा वापर होता, जुलै २०२३ ला अजित पवार त्यांच्याच सरकारात उपमुख्यमंत्री झाले, त्यानंतर त्या पत्राचा तेवढा परिच्छेद कुणाला आठवेना. मे २०२३ ला परमबीरांचं निलंबन मागे घेतलं गेलं, तेव्हा गृहखातं फडणवीसांकडे. जुलै २०२४ ला देशमुखांनी आरोप केला की उद्धव ठाकरे, आदित्य, अजित पवार आणि परब यांच्याविरुद्ध प्रतिज्ञापत्र द्या म्हणजे सुटाल असा निरोप फडणवीसांच्या माणसाने आणला होता. फडणवीसांनी फेटाळलं, उलट माझ्याकडेच व्हिडिओ आहेत म्हणाले. काही दिवसांतच जेलमधला वाझे कॅमेऱ्यासमोर, की पैसे पीएमार्फत देशमुखांना जात होते, आणि यावेळी नवीन नाव जयंत पाटलांचं. देशमुखांनी लगेच हायकोर्टाचा आदेश फडकवला की हा विश्वासार्ह नाही. म्हणजे २०२१ ला ज्याला गुन्हेगार म्हणत होते त्याचं बोलणं भाजपला प्रमाण, आणि ज्याला ओसामा नाही म्हणून पाठीशी घातलं त्याला आघाडी खोटारडा म्हणते. देशमुखांच्या त्या निरोपाच्या आरोपालाही त्यांच्या शब्दापलीकडे भक्कम काही बाहेर आलं नाही, हेही जाता जाता नोंदवून ठेवतो, पुराव्याचा नियम सगळ्यांना सारखाच.

राहिला चांदीवाल आयोगाचा अहवाल. एप्रिल २०२२ च्या शेवटी तो उद्धव ठाकरेंना सादर झाला. आघाडीचे लोक तेव्हापासून सांगतात की त्यात देशमुखांना क्लीन चिट आहे. नोव्हेंबर २०२४ ला, विधानसभेच्या ऐन प्रचारात, स्वतः चांदीवाल म्हणाले की मी क्लीन चिट दिलेली नाही, आयोगासमोर पुरावे आणलेच गेले नाहीत. या दोन वाक्यांत किती अंतर आहे ते अहवाल वाचूनच कळेल. तो ठाकरे सरकारने हातात असताना दोन महिने सभागृहात ठेवला नाही, आणि नंतर आलेल्या शिंदे-फडणवीस सरकारनेही ती निवडणूक येईपर्यंत ठेवला नाही.